कामचुकार वीज कर्मचारी : एका सोयीस्कर समजाचा प्रतिवाद

महाराष्ट्रातील वीजवितरणाविषयीच्या सार्वजनिक चर्चेत एक विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा लागतो याचेही भान उरलेले नाही. वितरण कंपनीतील कर्मचाऱ्याची नोकरी पक्की, पगार भरघोस आणि उत्तरदायित्व शून्य असल्यामुळे तो काम टाळतो. त्याने काम टाळल्यामुळे वीज वारंवार जाते, गळती वाढते आणि कंपनी तोट्यात राहते. म्हणून वितरण खाजगी मालकाच्या हाती दिले की हे सारे सुधारेल, असे ते विधान आहे. अदानी समूहातील एका कंपनीने नवी मुंबई, ठाणे आणि लगतच्या परिसरासाठी समांतर परवाना मागितला, म्हणजे जिथे एक वितरण कंपनी आधीच वीज पुरवते तिथे दुसरी कंपनी म्हणून शिरण्याची मुभा मागितली, तेव्हा त्याविरुद्ध वीज कर्मचारी संघटनांनी ३ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्रीपासून ७२ तासांचा संप पुकारला. दुसऱ्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर तो मागे घेतला गेला, परंतु तेवढ्या अवधीतही हे विधान पुन्हा जोमाने मांडले गेले. त्याचा आधार प्रामुख्याने ग्राहकाचा त्रागा हा आहे. त्रागा खोटा नसतो. मात्र वीज गेली या अनुभवावरून ती कोणामुळे गेली हे सिद्ध होत नाही, आणि या विधानाची सारी इमारत नेमक्या त्याच उडीवर उभी आहे.

ज्या कंपनीविषयी हे बोलले जाते तिचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यान्वये १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि वीज निर्माण करणे, वाहून आणणे व घरोघर पोहोचवणे ही तिन्ही कामे, मुंबई शहर व उपनगरांसारखे भाग वगळता, त्याच्याकडे आली. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५ मध्ये, या मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या निर्माण झाल्या, आणि ग्राहकाशी थेट संबंध येणारे सर्व काम महावितरणच्या वाट्याला आले. वीजखरेदीचे करार मुख्यालय करते, दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, सवलती शासन जाहीर करते आणि भांडवली योजना केंद्र व राज्य यांच्या निधीवर चालतात. यांपैकी एकाही निर्णयात ज्याला स्थान नाही, अशा तंत्रज्ञाला किंवा शाखा अभियंत्याला मात्र या सर्व निर्णयांच्या परिणामांसाठी ग्राहकासमोर उभे राहावे लागते. वीज कंपनीतील नोकरीचे स्वरूप समजून घ्यायचे असेल तर त्याची सुरुवात या विषमतेपासून करावी लागते.

पक्की नोकरी आणि भरघोस पगार हा त्या विधानाचा पहिला खांब. महावितरणमध्ये तंत्रज्ञ म्हणून स्थिर होण्याची वाट ‘विद्युत सहाय्यक’ या पदातून जाते, आणि या पदावर पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी न मिळता ठरावीक मानधन मिळते. २०२३ च्या अखेरीस निघालेल्या भरतीच्या जाहिरातीत ते पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६ हजार आणि तिसऱ्या वर्षी १७ हजार रुपये असे होते. ही तीन वर्षे पार केलेला तंत्रज्ञ पुढे स्थिर वेतनात येतो आणि ज्येष्ठ अभियंत्यांचे वेतन चांगले असते, हे मान्यच आहे. परंतु प्रत्यक्ष मैदानात जे मनुष्यबळ राबते त्याचा मोठा भाग कंत्राटदार संस्थांमार्फत घेतलेल्या कामगारांचा आहे. उपकेंद्रातील यंत्रचालकाच्या शेजारी, वीजबिलाच्या वसुलीत, तुटलेली तार ओढण्यात आणि खांब उभारण्यात हे कंत्राटी कामगार असतात. त्यांचा ठेकेदार बदलतो, काम मात्र वर्षानुवर्षे तेच राहते. कायम कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेवर टीका करणाऱ्यांना हा कामगार दिसत नाही. त्यांच्या सिद्धान्तानुसार नोकरीची शाश्वती नसलेला माणूस अधिक कार्यक्षम असायला हवा, आणि तसे असते तर ज्या कामांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढले ती कामे एव्हाना ग्राहकाच्या कौतुकाचा विषय व्हायला हवी होती. मीटरवाचन हे बाहेरच्या संस्थांकडे दिलेले काम आहे, आणि चुकीचे किंवा सरासरीने आलेले बिल ही ग्राहकांची नेहमीची तक्रार आहे.

काम टाळण्याचा आरोप तपासायचा तर ते काम काय आहे हे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण बाहेरून आळस वाटणाऱ्या विलंबाचा मोठा हिस्सा त्या कामाच्या सुरक्षानियमांतच असतो. ३३ किलोव्होल्टची वीज ११ किलोव्होल्टवर आणणाऱ्या उपकेंद्रातून ज्या वाहिन्या निघतात त्यांना ‘फीडर’ म्हणतात. फीडरवरील रोहित्रे, ज्यांना गावोगावी ‘डीपी’ म्हटले जाते, ती वीज घरगुती व शेतीपंपाच्या दाबावर आणतात. अकरा किलोव्होल्टच्या तारेवर हात लावायचा असेल तर तंत्रज्ञाला आधी उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून ‘परमिट’ घ्यावे लागते. यंत्रचालक त्या फीडरचा ब्रेकर उघडतो, फीडर वेगळा करून जमिनीशी जोडतो, नोंदवहीत वेळ आणि नाव लिहितो व परमिटचा क्रमांक देतो. त्यानंतर जागेवरचा ‘एबी स्विच’, म्हणजे खांबावरील तीन पात्यांचा हाताने उघडायचा स्विच, उघडावा लागतो; तारेत वीज उरली नाही याची खात्री करावी लागते; डिस्चार्ज रॉडने तार जमिनीशी जोडावी लागते, आणि ते कामाच्या दोन्ही बाजूंना करावे लागते. काम संपल्यावर माणसे खाली उतरली आहेत, लावलेले अर्थिंग काढले आहे, याची खातरजमा करून परमिट परत केले जाते आणि मगच फीडर चालू होतो. अंधारात बसलेल्या ग्राहकाला यातील एकही पायरी दिसत नाही.

ही पद्धत कागदावर निर्दोष आहे, परंतु तिचा प्रत्येक टप्पा साहित्याच्या स्थितीवर अवलंबून आहे. वर्षानुवर्षे तेल न मिळालेला, गंजलेला एबी स्विच ओढला असता दोन पाती सुटतात आणि तिसरे चिकटून राहते, आणि खालून पाहणाऱ्याला, विशेषतः पावसात किंवा रात्री, ते कळेलच असे नाही. एकाच खांबावरून दोन फीडर जात असतील तर एकाचे परमिट असते आणि दुसरा जिवंत असतो. एखाद्या कारखान्यात, मंगल कार्यालयात किंवा दुकानात जनित्र वा इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीने जोडलेले असेल तर बंद तारेत उलट दिशेने वीज येते. लघुदाबाच्या जाळ्यात तर यंत्रचालकाचे नियंत्रणच नसते. तिथे डीपीवरचे फ्यूज काढून काम करायचे असते, आणि त्या पेटीत फ्यूजच्या जागी जाड तार थेट बांधलेली असण्याचा प्रकार ग्रामीण भागात परिचयाचा आहे. अशा अवस्थेत, वरिष्ठाच्या आणि पुढाऱ्याच्या दूरध्वनीला उत्तर देत, जमावाच्या देखत, सर्व पायऱ्या पाळणारा तंत्रज्ञ मंद ठरतो आणि त्यांतली एखादी गाळणारा तत्पर ठरतो. म्हणजे ज्याला कामचुकारपणा म्हटले जाते तो अनेकदा नियमाचे पालन असतो, आणि ज्याची वाहवा होते ती बऱ्याचदा जिवावरची जोखीम असते.

जोखमीचा हा मुद्दा कोणी भावनिक म्हणून बाजूला सारू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतकरी, लहान मुले, बांधकाम मजूर असे सर्वच येतात. वीज कर्मचारी हा त्यातील एक गट आहे. परंतु या आकड्यावरून एवढे स्पष्ट होते की ज्या जाळ्यावर हे कर्मचारी रोज चढतात ते जाळे खाली चालणाऱ्यालाही सुरक्षित नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणे वीजवाहिनीवर कोणी काम करायचे ती माणसे नावानिशी नेमलेली असावी लागतात. कंत्राटी कामगाराला अशी नेमणूक नसतानाही खांबावर चढवले जाते, हा आरोप कामगार संघटना सातत्याने करत आल्या आहेत. प्राणघातक अपघाताची चौकशी विद्युत कायद्याच्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकाकडे जाते. परमिट घेतले नव्हते किंवा हातमोजे वापरले नव्हते, अशी नोंद झाली की दोष मृताच्या नावावर जमा होतो. मोजे होते का, स्विच उघडत होता का, एका तंत्रज्ञाकडे किती गावे होती, हे प्रश्न व्यवस्थापनाला विचारायचे असतात आणि ते विचारायला मृत माणूस उपस्थित नसतो.

आता गळतीचा आरोप. वितरणातील तोटा मोजण्यासाठी ‘एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी’ हे माप वापरले जाते, आणि त्यात तीन अगदी भिन्न गोष्टी एकत्र येतात : तारा व रोहित्रे तापण्यात गेलेली वीज, चोरी किंवा सदोष मीटरमुळे न मोजली गेलेली वीज, आणि मोजून बिल दिल्यावरही न आलेला पैसा. यांतील पहिल्या घटकावर कर्मचाऱ्याच्या तत्परतेचा परिणाम नगण्य असतो. तारेतील उष्णतेमुळे होणारा व्यय विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर व्यय चौपट होतो. आणि तीच वीज कमी दाबाने वाहून न्यायची तर प्रवाह अधिक लागतो. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज देताना कित्येक दशके एका मोठ्या रोहित्रापासून लघुदाबाच्या लांबच लांब तारा शिवारात नेण्यात आल्या. त्या तारांत वीज वाया जाणे अटळ होते. त्या लांबीवर आकडे टाकणे सोपे होते, आणि शेवटच्या पंपाला दाब कमी मिळून मोटार जळणेही ठरलेले होते. उच्चदाबाची तार शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांना छोटे रोहित्र देण्याची पद्धत, जिला ‘एचव्हीडीएस’ म्हणतात, त्यावरचा उपाय म्हणून पुढे आली. पण तो उपाय हजारो कोटींच्या भांडवलाचा आहे. तंत्रज्ञ सकाळी एक तास लवकर आला म्हणून तारेची लांबी कमी होत नाही.

चोरीच्या घटकात कर्मचाऱ्याची जबाबदारी अधिक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. कायद्याचे कलम १३५ वीजचोरीला तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करते; तरीही आकडा दिसत असून न पाहणारे, मीटरमधील फेरफाराकडे पैसे घेऊन दुर्लक्ष करणारे, नव्या जोडणीसाठी वरकड मागणारे कर्मचारी आहेत, आणि त्यांच्यावर झालेल्या लाचलुचपतीच्या कारवायांच्या बातम्या येतच असतात. संघटनांनी अशांना कधी पाठीशी घातले असेल तर त्याची निंदाच केली पाहिजे. मात्र भ्रष्टाचार आणि आळस हे दोन वेगळे आरोप आहेत, आणि एकाच्या पुराव्यावर दुसरा सिद्ध मानणे हा तर्काचा ढिसाळपणा आहे.

तिसरा घटक वसुलीचा, आणि येथे प्रस्तुत विधान सर्वांत दुबळे ठरते. कलम ५६ प्रमाणे थकबाकीदाराला पंधरा दिवसांची नोटीस देऊन त्याचा पुरवठा तोडता येतो. कलम ६५ असे सांगते की राज्य शासनाला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची भरपाई शासनाने कंपनीला आगाऊ द्यावी. या दोन कलमांच्या मधल्या जागेत महाराष्ट्राचे राजकारण नांदत आले आहे. २००४ च्या निवडणुकीपूर्वी शेतीसाठी मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणुकीनंतर, २००५ मध्ये, ती मागे घेतली गेली. पण ज्याने एकदा मोफत विजेचा शब्द ऐकला त्याच्या दारात बिल घेऊन जाण्याचे काम मंत्र्याला करावे लागले नाही. २०२० साल संपेपर्यंत शेतीपंपांची थकबाकी चाळीस हजार कोटी रुपयांच्या वर गेली होती. २ मार्च २०२१ रोजी विधिमंडळात वीज तोडण्याला स्थगिती जाहीर झाली आणि अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, १० मार्चला, ती उठवण्यात आली. पुढच्या वर्षी पुन्हा तोडणीची मोहीम झाली, पुन्हा आंदोलने झाली आणि मार्च २०२२ मध्ये तीन महिन्यांसाठी तोडणी थांबवण्याची घोषणा झाली. या प्रत्येक वळणावर त्याच तंत्रज्ञाने त्याच शेतकऱ्याची जोडणी तोडायची, मग जोडायची, मग पुन्हा तोडायची असे अपेक्षित होते, आणि तो बहुधा त्याच तालुक्यात राहणारा, आठवडी बाजारात त्याच शेतकऱ्याला भेटणारा माणूस होता. वसुलीला गेलेल्या कर्मचाऱ्यांना मारहाण झाल्याचे आणि शासकीय कामात अडथळा आणल्याचे गुन्हे नोंदले गेले ते याच पार्श्वभूमीवर. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना आली आणि त्याचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना होईल असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला दिलासा देण्याचा हेतू योग्य असू शकतो. पण त्याआधीच्या दोन दशकांतील अल्प वसुलीचा ठपका ज्यांच्यावर ठेवला गेला त्यांना त्या वसुलीचे धोरण ठरवण्याचा अधिकार कधीच नव्हता, हे या योजनेने नकळत कबूल केले आहे.

भारनियमनाच्या काळातही हाच प्रकार घडला. फीडरवरील हानी आणि वसुली पाहून फीडरांचे गट पाडले गेले आणि खालच्या गटाला अधिक तास अंधार मिळाला. नियमित बिल भरणारा ग्राहक शेजाऱ्याच्या थकबाकीमुळे अंधारात बसला आणि जाब विचारायला स्थानिक कक्ष कार्यालयातच आला, कारण गटवारी करणारे कार्यालय त्याच्या आवाक्याबाहेर होते. शेतीला दिवसा व रात्री चक्राकार पद्धतीने वीज देण्याच्या वेळापत्रकाचेही तसेच. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा संताप पूर्णपणे न्याय्य आहे, आणि तो ज्याच्यावर निघतो त्याने ते वेळापत्रक आखलेले नाही.

मालक बदलण्याच्या उपायाची परीक्षा महाराष्ट्रात प्रत्यक्ष झालेली आहे, त्यामुळे त्याविषयी तर्क लढवण्याची गरज नाही. जाळे महावितरणच्या मालकीचे ठेवून एखाद्या भागातील वितरण, देखभाल व वसुली खाजगी कंपनीला सोपवण्याच्या पद्धतीला ‘फ्रँचायझी’ म्हणतात. जानेवारी २००७ मध्ये भिवंडी टोरंट पॉवरकडे गेली आणि तेथील हानी, जी निम्म्याहून अधिक होती, काही वर्षांत लक्षणीयरीत्या घटली. खाजगीकरणाचे समर्थक येथेच थांबतात. २०११ मध्ये नागपूर शहरातील काही विभाग, औरंगाबाद आणि जळगाव हेही फ्रँचायझींना दिले गेले. औरंगाबादचा करार थकलेल्या देण्यांच्या वादात २०१४ मध्ये संपुष्टात आला, जळगावचा २०१५ मध्ये. नागपुरात मूळ कंपनीच्या जागी दुसरी आली आणि तिनेही आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये काम सोडले. तिन्ही ठिकाणी जाळे, ग्राहक आणि तक्रारी परत घेतल्या त्या महावितरणने, म्हणजे ज्यांच्या अकार्यक्षमतेमुळे फ्रँचायझी आणली असे सांगितले गेले होते त्याच कर्मचाऱ्यांनी. कर्मचारी नेमण्याचे, काढण्याचे, वेतन ठरवण्याचे स्वातंत्र्य या चारही ठिकाणच्या कंपन्यांना होते. निकाल मात्र वेगवेगळे लागले, तेव्हा निकाल ठरवणारा घटक कर्मचाऱ्यांवरील मालकी हा असू शकत नाही. भिवंडीत दाट वस्ती होती, यंत्रमागांची एकवटलेली मागणी होती आणि केबल, रोहित्रे व मीटर बदलण्यासाठी मोठे भांडवल ओतले गेले. तेच भांडवल मिळालेला सरकारी तंत्रज्ञ काय करू शकला असता, याचा प्रयोग त्या शहरात कधी झालाच नाही.

दिल्लीचा दाखला याहून वजनदार आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००२ मध्ये तेथील वितरण खाजगी झाले आणि हानी मोठ्या प्रमाणावर कमी झाली, हे खरे आहे. परंतु दिल्लीत शेतीपंप जवळजवळ नाहीत, अंतरे कमी आहेत आणि दर चौरस किलोमीटरमागे ग्राहक प्रचंड आहेत. ग्रामीण, विखुरलेल्या, वादळप्रवण प्रदेशाशी तुलना करायची तर ओडिशा अधिक जवळचे आहे. तेथील मध्य विभागाचे वितरण सप्टेंबर १९९९ मध्ये एईएस या अमेरिकी कंपनीने हाती घेतले, ऑक्टोबरात महाचक्रीवादळाने जाळे उद्ध्वस्त केले आणि २००१ मध्ये कंपनी निघून गेली. उरलेल्या तीन कंपन्यांचे खाजगी परवाने तेथील आयोगाने २०१५ मध्ये रद्द केले. आज ओडिशातील वितरण पुन्हा एका खाजगी समूहाकडे आहे आणि त्याचा कारभार सुधारल्याचे सांगितले जाते. तसे असेल तर त्यातूनही एवढेच निघते की खाजगी मालक चांगला असू शकतो आणि वाईटही. कर्मचाऱ्याच्या स्वभावाविषयी त्यातून काहीच निघत नाही.

मोठा प्रदेश एकाच कंपनीकडे असण्याचा अर्थ मात्र आपत्तीत दिसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील हजारो खांब आडवे झाले. करोनाची टाळेबंदी चालू असताना राज्याच्या अन्य जिल्ह्यांतून महावितरणची पथके कोकणात आणली गेली. काही गावांना वीज येण्यास बरेच आठवडे लागले आणि त्याबद्दल झालेली टीका रास्त होती. परंतु दुसऱ्या जिल्ह्यातील माणसे व साहित्य तेथे नेता आले याचे कारण असे की एकाच कंपनीकडे तोट्याचे आणि नफ्याचे दोन्ही प्रकारचे प्रदेश होते. समांतर परवान्याची मागणी होते ती नवी मुंबई व ठाण्यासारख्या भागांसाठी. म्हसळ्यासाठी ती कोणी केलेली नाही. औद्योगिक व व्यापारी ग्राहकांकडून सरासरी खर्चापेक्षा अधिक दर घेऊन शेती व गरीब घरगुती ग्राहकांचा दर खाली ठेवला जातो, ज्याला ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. चढ्या दराचे ग्राहक दुसरीकडे गेले तर उरलेल्या जाळ्याच्या देखभालीचा पैसा कोठून येणार, हा प्रश्न संपकऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये विचारला होता, आणि त्यांना उत्तर म्हणून त्यांच्या पगाराचे आकडे सांगितले गेले.

ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज सुधारणा विधेयकाने याहून पुढे जाऊन एकाच जाळ्यावर अनेक कंपन्यांना वीज विकू देण्याचा मार्ग सुचवला होता. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि त्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले, पण त्यामागील कल्पना जिवंत आहे. तिच्या समर्थकांनी ग्राहकाला मिळणाऱ्या निवडीविषयी पुष्कळ लिहिले आहे. विक्रेते चार आणि तार एक असताना तिसऱ्या विक्रेत्याच्या ग्राहकाची वीज मध्यरात्री गेली, तर परमिट कोणाच्या यंत्रचालकाने द्यायचे, खांबावर कोणाच्या माणसाने चढायचे, एबी स्विच बदलण्याचा खर्च कोणाच्या दरात धरायचा आणि तो माणूस पडला तर कलम १६१ खालील चौकशीत मालक म्हणून कोणाला बोलवायचे, यावर त्यांनी अद्याप लिहिणे बाकी आहे.